छोट्या नौदलाला काय हवं: गस्तीनौका की लँडिंग क्राफ्ट?

अपरांत

ऑस्ट्रेलियानं 1971 ते 1974 या काळात बालिकपापान वर्गाच्या आठ लँडिंग क्राफ्ट (थेट वाळूवर टेकून माल-माणसं उतरवणाऱ्या नौका) बांधून घेतल्या. क्वीन्सलँडमधल्या मेरीबरोला, वॉकर्स कंपनीच्या यार्डात. लांबी 44.5 मीटर, रुंदी साधारण 10 मीटर, तरायला पाणी लागतं जेमतेम 2 मीटर. तळ सपाट, पुढचं तोंड उघडून खाली पडणारं. वेग 10 नॉट, तोही वारा-पाणी बरं असेल तर. पोटात तीन लेपर्ड रणगाडे किंवा सुमारे 180 टन माल.

त्यातल्या दोन, 'सालामाउआ' आणि 'बुना', नोव्हेंबर 1974 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या पापुआ न्यू गिनीला मिळाल्या. देश स्वतंत्र झाला 16 सप्टेंबर 1975 ला. म्हणजे या नौका देशापेक्षा दहा महिन्यांनी वडील.

आता पुढं बघा. त्याच सुमारास त्या देशाला अटॅक वर्गाच्या पाच गस्तीनौकाही मिळाल्या. 1980 च्या दशकाअखेर त्या जाऊन पॅसिफिक वर्गाच्या चार आल्या. 2018 पासून त्यांच्या जागी गार्डियन वर्गाच्या येऊ लागल्या. गस्तीनौकांच्या तीन पिढ्या झाल्या, आणि या दोन बायांनी चाळीसच्या वर वर्षं तोच संसार ओढला. 2014 मध्ये तिसरी मिळाली ती पण त्याच आठांपैकी एक, 'लाबुआन'. तिथं तिचं नाव झालं 'लाकेकामू'.

माझं मत असं की बेटांच्या देशाला पहिली गरज लँडिंग क्राफ्टची असते. बातम्यांत फोटो मात्र गस्तीनौकेचे छापून येतात. तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी लिहावं.

टिवल्याबावल्या

मी पयला!

10 नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. एवढ्या वेगात शत्रूचा पाठलाग करण्यापेक्षा त्याला रजिस्टर्ड पत्र पाठवलेलं बरं. तोफबिफ आहे का काही?

अपरांत

@टिवल्या, मशीनगन असते, स्वसंरक्षणापुरती. तोफ नाही.

शंकासुर

मूळ शंका. पापुआ न्यू गिनी 'छोटा देश' कसा? क्षेत्रफळ 4,62,840 चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र 3,07,713. दीडपट झाला की हो!

चीफसाहेब

शंकासुर, देश मोठा आणि नौदल छोटं. अपरांत यांना तेच म्हणायचं असावं. तिकडं स्वतंत्र नौदल असं खातंच नाही, संरक्षण दलाचा सागरी विभाग आहे. मूठभर नौका, दोन तळ: राजधानी पोर्ट मोरेस्बीत आणि उत्तरेला मानुस प्रांतात लोम्ब्रुमला.

आता धाग्यावर. आयुष्य मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये गेलं, शेवटची काही वर्षं आखातात ऑइलफील्डच्या लँडिंग क्राफ्टवर होतो, त्यामुळे दोन शब्द लिहिण्याचा हक्क आहे असं समजतो.

लोकांना वाटतं की होडी सरळ जाऊन किनाऱ्यावर चढवायची, तोंड उघडायचं, झालं. तसं केलं तर पहिल्या फेरीतच घरी बसाल. किनारा शे-दोनशे मीटरवर आला की मागचा नांगर सोडायचा. त्याची वायर विंचवरून (वायर गुंडाळायच्या यंत्रावरून) मोकळी देत देत पुढं सरकायचं. नाक वाळूला टेकलं की इंजिन हळू पुढं ठेवून तिला दाबून धरायचं. मग रॅम्प, म्हणजे पुढचं पडणारं दार, खाली. निघताना रॅम्प वर, इंजिन मागं आणि त्याच नांगराच्या वायरवर विंच चालवून स्वतःला ओढून घ्यायचं. मागचा नांगर नीट धरला नसेल तर पाठीमागून आलेली एक लाट बूड फिरवते आणि होडी किनाऱ्याला समांतर आडवी होते. एकदा आडवी झाली की पुढची प्रत्येक लाट तिला आणखी वर ढकलते. मग टग (ओढून काढणारी बोट) बोलवा आणि मालकाला फोन करा.

भरती चढत असताना टेकायचं हा पहिला धडा. ओहोटी लागल्यावर टेकलात तर पाणी सोडून जातं, तुम्ही वाळूत बसून पुढच्या भरतीची वाट बघता. कधी कधी मुद्दाम बसतात, तळ खरवडायला किंवा पंखा बघायला. पण ते मुद्दाम.

आणि वाळू! इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतो, किनाऱ्याला त्या पाण्यासोबत वाळू येते. स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, प्रत्येक वेळी उघडून साफ करायचा. पंपाचे इम्पेलर (आतली फिरती पाती) खाल्ले जातात, शाफ्टच्या मागच्या बेअरिंगात वाळू शिरून ती घासतात. गस्तीनौकेच्या इंजिनियरला हे दुखणं नाही. त्यामुळे 'चाळीस वर्षं चालली' हे वाचून मला नौकेचं नाही, तिच्या इंजिनरूममधल्या पोरांचं कौतुक वाटलं.

मीनल_प

चीफसाहेब, मस्त. आणखी लिहा.

नाखवा दाभोळकर

चीफसाहेबांनी सांगितलं ते वाचून आमची दाभोळ–धोपावे फेरीबोट आठवली. तोंड उघडून गाड्या चढवतात तीच तऱ्हा. मग आमची फेरीबोट पण नौदलात घ्या म्हणावं.

चीफसाहेब

नाखवा, तत्त्व तेच. गोव्यात मांडवीवर रायबंदर–चोडण धावणाऱ्या फेरीबोटी पण त्याच घराण्यातल्या. फरक असा की तुमच्या फेरीबोटीला दोन्हीकडं सिमेंटचा उतरता धक्का लागतो, ठरलेल्या उताराचा, आणि खाडीत लाट नसते. लँडिंग क्राफ्टला धक्का नाही, माहितीतला किनारा नाही, बाहेर उघडा समुद्र. वाळूचा उतार किती आहे ते बघून पुढचं-मागचं बॅलास्ट (टाक्यांतलं तोल साधायचं पाणी) जुळवावं लागतं. पुढं कमी पाणी, मागं जास्त, असा तिचा तळ किनाऱ्याच्या उताराला मिळता आला तर नाक पार कोरड्यापर्यंत जातं. किनारा फारच सपाट असेल तर मधेच कुठंतरी बूड टेकतं, आणि रॅम्पच्या पुढं कमरेएवढं पाणी राहतं. ट्रक कसा उतरवणार?

मोरेस्बीकर

धागा बघून लॉगिन केलं. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं पोर्ट मोरेस्बीत काढली आहेत (हिशेबाचं काम, बोटींशी संबंध नाही), त्यामुळे जमिनीवरून दिसतं ते सांगते.

नकाशा उघडा. मोरेस्बी दक्षिण किनाऱ्यावर, लाए उत्तरेला. देशाचं मोठं बंदर लाए, डोंगरातल्या शहरांकडं जाणारा हायलँड्स हायवे पण लाएहून सुटतो. आणि राजधानी ते लाए रस्ता नाही. मधे ओवेन स्टॅनली पर्वत. एक तर विमान, नाही तर जहाज पूर्वेकडून वळसा घालून. नवीन माणसाला हे पटतच नाही, 'अहो पण गाडीनं किती तास?' असं विचारतात. गाडीनं शून्य तास, कारण जाताच येत नाही.

त्यात लहान-मोठी मिळून 600 च्या वर बेटं. कितीतरी गावांना धक्का सोडा, लाकडी जेट्टी पण नाही. होडी वाळूवर येते, माणसं पाण्यात उतरून गोण्या डोक्यावर घेतात. तांदूळ-मीठ असं वाहून नेता येतं. शाळेचे पत्रे, पाण्याची टाकी, जनरेटर, डोझर कसा नेणार? त्याला तोंड उघडणारीच बोट लागते. म्हणून मी अपरांत यांच्या बाजूनं.

आकडेमोड

मोरेस्बीकरताई, चित्र छान उभं केलंत, पण मी विरुद्ध पक्षात.

पापुआ न्यू गिनीचं सागरी आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासळीवर त्या देशाचा हक्क) सुमारे 24 लाख चौरस किलोमीटर. त्यात टुना मासा. नाउरू करारातले आठ देश (पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, किरिबाटी, मार्शल, मायक्रोनेशिया, नाउरू, पलाऊ, तुवालू) मिळून परदेशी मासेमारी जहाजांना दिवसाच्या हिशेबानं परवाने विकतात. इतक्या दिवसांची मासेमारी, इतके पैसे. हा पैसा सरकारच्या तिजोरीत येतो. परवाना न घेता घुसणाऱ्याला पकडायला कोणी नसेल तर परवाना घेईल कोण? म्हणजे गस्तीनौका कमावते आणि लँडिंग क्राफ्ट खर्च करते. छोट्या देशानं आधी कमावतीला जपावं की नाही?

दुसरं, लँडिंग क्राफ्ट 40 वर्षं टिकली यात कौतुक कसलं? बदली मिळाली नाही म्हणून वापरावी लागली. गस्तीनौका दोनदा बदलल्या कारण देणाऱ्याला, म्हणजे ऑस्ट्रेलियाला, त्या समुद्रावर नजर हवी होती. ऑस्ट्रेलियाचा सोय-हिशेब आहे तो. त्यावरून देशाची गरज ठरवू नका.

अपरांत

@आकडेमोड, तुमचा दुसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! देणाऱ्याच्या गरजेनं गस्तीनौका आल्या, घेणाऱ्याच्या गरजेनं लँडिंग क्राफ्ट चालू राहिल्या. कोणी बदली देत नसताना जुनी वस्तू जिवापाड चालवत राहतो तेव्हा ती खरोखर लागते म्हणूनच ना.

पहिल्या मुद्द्यावर विचार करतोय.

आकडेमोड

जुनी वस्तू चालवत राहण्याचं कारण कधी कधी 'विकत घ्यायला पैसे नाहीत' एवढंच असतं. आमच्या ऑफिसातला प्रिंटर बघा.

टिवल्याबावल्या

प्रिंटरला नौदलात घ्या. त्यालाही पुढं तोंड आहे, अडकलं की उघडावं लागतं.

संपदा जोगळेकरांची लेक

🤣🤣

इतिहासवेडा

नावांकडं कोणाचं लक्ष गेलं की नाही? आठही नावं दुसऱ्या महायुद्धातल्या मोहिमांच्या ठिकाणांची. ताराकान, लाबुआन, ब्रुनेई, बालिकपापान ही बोर्निओतली, 1945 च्या मे ते जुलैमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य तिथं उतरलं. बुना, सालामाउआ, वेवाक ही न्यू गिनीतली. बुनाची लढाई नोव्हेंबर 1942 ते जानेवारी 1943, अतिशय वाईट, दलदल आणि मलेरिया. सालामाउआ सप्टेंबर 1943 मध्ये जपान्यांकडून घेतलं.

आता बुना हे ओरो प्रांतातलं गाव, सालामाउआ मोरोबे प्रांतातलं. नौका पापुआ न्यू गिनीला देताना नावं बदलायची गरजच पडली नाही, नावं आधीच त्यांच्या गावांची होती. पण वेवाक पण त्यांचंच शहर, आणि 'वेवाक' मात्र ऑस्ट्रेलियानं ठेवून घेतली! पुढं 2016 मध्ये फिलिपिन्सनं ती विकत घेतली.

आठवं नाव बेतानो, पूर्व तिमोरमधलं. सप्टेंबर 1942 मध्ये ऑस्ट्रेलियाची व्हॉयेजर ही विनाशिका तिथं सैन्य उतरवायला गेली आणि किनाऱ्यावर रुतून बसली. निघेना. वरून जपानी विमानं. शेवटी खलाशांनीच ती उडवून दिली. सपाट तळाची नौका का लागते याचं इतकं महागडं उत्तर दुसरं नसेल. आणि मग तीस वर्षांनी त्याच नावाची लँडिंग क्राफ्ट बांधली.

मीनल_प

बेतानोची गोष्ट माहीत नव्हती. रोचक!

वकीलकाकू

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू.

तांदूळ नेणारी बोट सैनिकही नेते. 1988 च्या अखेरीस पापुआ न्यू गिनीच्याच बोगनव्हिल बेटावर पांगुना खाणीवरून असंतोष पेटला, पुढची दहा वर्षं युद्ध. 1990 मध्ये पापुआ न्यू गिनी सरकारनं बेटाची नाकेबंदी केली. औषधं सुद्धा पोचेनात. किती लोक गेले याचे अंदाज हजारांत आहेत. शांतता करार झाला 2001 मध्ये. त्या काळात सरकारकडं बेटावर ट्रक-रसद उतरवू शकणाऱ्या या दोन नौका होत्या. तेव्हा 'लँडिंग क्राफ्ट म्हणजे मदतीची नाव' असं एकतर्फी लिहू नका. नौदल स्वतःच्याच नागरिकांविरुद्ध वापरलं जातं तेव्हा गस्तीनौका वाट अडवते आणि लँडिंग क्राफ्ट सैन्य उतरवते. दोन्ही.

मोरेस्बीकर

काकू, बरोबर. बोगनव्हिलचे लोक तिथं भेटायचे, या विषयावर फार बोलत नाहीत. 2019 च्या सार्वमतात त्यांनी प्रचंड बहुमतानं स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल दिला. पुढचं अजून घोंगडं भिजतच आहे.

अपरांत

काकू, मान्य. दुसरी बाजू म्हणून एक: 1980 मध्ये शेजारच्या वानुआटूत, स्वातंत्र्याच्या तोंडावर, एस्पिरितू सांतो बेटावर बंड झालं. ते मोडायला पापुआ न्यू गिनीनं सैन्य पाठवलं. स्वतः स्वतंत्र होऊन पाच वर्षं झालेला देश दुसऱ्याच्या मदतीला समुद्र ओलांडून गेला.

टिवल्याबावल्या

अवांतर: मोरेस्बीकरताई, तिकडं पान मिळतं का?

मोरेस्बीकर

😄 मिळतं म्हणजे काय! सुपारीला तिथं 'बुआई' म्हणतात. ओली सुपारी दातानं सोलायची, सोबत एका वेलीची शेंग (तिला 'डाका' म्हणतात) पांढऱ्या चुन्यात बुडवून चावायची. रंग आपल्यासारखाच लाल, भिंतींची अवस्थाही आपल्यासारखीच. 2013 मध्ये मोरेस्बीत जाहीर विक्रीवर बंदी घातली होती, शहर स्वच्छ ठेवायचं म्हणून. मग काय, सुपारी पोत्यातून लपूनछपून यायला लागली. बाजारात माझ्या ओळखीच्या बाईंनी पहिल्यांदा चाखवली तेव्हा चुना जरा जास्त झाला आणि जीभ दोन दिवस बधिर. त्या मात्र पोट धरून हसत होत्या.

नाखवा दाभोळकर

सुपारी आणि चुना म्हणजे माणसं आपलीच.

संपादक मंडळ

पानाचा वेगळा धागा काढावा ही विनंती. इथं नौकांवरच लिहा.

मालेवाला

आता मी. मालदीवमध्ये रिसॉर्टच्या बांधकामावर साइट इंजिनियर आहे. तिकडं सगळं बांधकाम लँडिंग क्राफ्टच्या जिवावर. सिमेंट, खडी, सळई, जेसीबी, काँक्रीट मिक्सर, सगळं मालेजवळच्या थिलाफुशी बेटाहून चढतं आणि बेटावर वाळूत उतरतं. खासगी बोटी, नौदलाच्या नव्हेत.

एक प्रसंग डोळ्यासमोरून जात नाही. रॅम्प पडला, ट्रक अर्धा बाहेर आला, आणि पुढची चाकं रॅम्पच्या टोकाला ओल्या वाळूत एक्सलपर्यंत गेली. मागची चाकं अजून लोखंडावर. भरती उतरायला लागलेली. बोटीच्या बांगलादेशी सुकाणीनं कोणाला ओरडून सांगितलं नाही, गडबड नाही. दोन लोखंडी प्लेटा बाजूच्या रेलिंगला बांधलेल्या होत्या त्या सोडवल्या, चाकांपुढं फावड्यानं उतार केला, प्लेटा घुसवल्या, ट्रकच्या टायरमधली हवा थोडी सोडायला लावली. ट्रक निघाला. मग तो स्वतः नांगराच्या विंचवर जाऊन उभा राहिला. ही सगळी माहिती कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडेल, पण प्लेटा कुठं बांधून ठेवायच्या ते त्याला माहीत होतं.

आणखी एक. भारतानं 2 मे 2023 ला मालदीवच्या संरक्षण दलाला एक वेगवान गस्तीनौका आणि एक लँडिंग क्राफ्ट दिली, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह मालेला आले होते. म्हणजे दोन्ही एकदमच. अपरांत यांच्या प्रश्नाला 'की' कशाला, 'आणि' चालेल.

आकडेमोड

फुकट मिळत असेल तर 'आणि' कायमच चालतं. डिझेल आणि खलाशांचा पगार कोण देणार ते विचारा.

अंदमानी

पोर्ट ब्लेअरला बालपण गेलं (वडील सरकारी नोकरीत), म्हणून लिहितोय. 2004 च्या त्सुनामीत निकोबारकडच्या जेट्ट्या मोडल्या. धक्काच नाही तर मोठ्या जहाजातला माल उतरवायचा कुठं? मोठं जहाज दूर उभं आणि वाळूपर्यंत जाणारी छोटी नाव मधली. हे जे 'मधलं' अंतर आहे ना, शेवटचे दोनशे मीटर, तेच सगळ्यात अवघड.

आपल्या नौदलाच्या नव्या लँडिंग क्राफ्ट कोलकात्याच्या गार्डन रीच जहाज कारखान्यानं बांधल्या, आठ. सुमारे 63 मीटर लांब, 830 टनांच्या, अर्जुन रणगाडा नेऊ शकतात. पहिली 2017 मध्ये दाखल झाली, पोर्ट ब्लेअरलाच. आधीच्या पिढीतल्या काही गोवा शिपयार्डनंही बांधल्या होत्या.

शंकासुर

पण 63 मीटर म्हणजे 'छोटी नाव' कशी?

टिवल्याबावल्या

शंकासुर, तुमच्या शंकांना नाउरू करारासारखं दिवसाच्या हिशेबानं परवाना लावायला पाहिजे.

चीफसाहेब

'छोटी' म्हणजे सोबतच्या मोठ्या उभयचर जहाजांच्या मानानं. ती जहाजं हजारो टनांची. बालिकपापान वर्गाची नौका भरली तरी 500 टनांच्या आसपास.

सपाट तळाची किंमत कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. उघड्या समुद्रात समोरून लाट आली की हिचं नाक कापत जात नाही, वर चढून आपटतं. प्रत्येक आपटण्याला भांडी हलतात, दात हलतात, वेल्डिंगपण हलतं. बाजूनं लाट असेल तर डोलायला लागते आणि थांबत नाही. लहान बोट, पंधरा-सोळा माणसं, पाच-सहा दिवसांचा प्रवास. गस्तीनौकेवरचा खलाशी पण हालात असतो, पण तो निदान 20 नॉटनं लवकर पोचतो. रॅम्पच्या बिजागऱ्या, तिथली रबर सील, मागच्या विंचचा ड्रम: गंज इथून सुरू होतो. बाहेरून रंग मारला की दिसत नाही.

इतिहासवेडा

या वर्गाच्या नौका तरीही लांबवर गेल्या आहेत. डार्विनला 25 डिसेंबर 1974 ला ट्रेसी चक्रीवादळानं झोपवलं तेव्हा मदतीच्या ताफ्यात होत्या. 1999 मध्ये पूर्व तिमोरला शांतीसेना गेली त्यात बालिकपापान, ब्रुनेई आणि लाबुआन होत्या. आणि मग 2012 आणि 2014 मध्ये ऑस्ट्रेलियानं उरलेल्या सहाही सेवेतून काढल्या. ताराकान आणि ब्रुनेई 2015 मध्ये फिलिपिन्सला भेट, बाकीच्या तीन फिलिपिन्सनं 2016 मध्ये विकत घेतल्या.

काढल्या तेव्हा हातात थेट बदली नव्हती. आता त्याच ऑस्ट्रेलियानं 18 मध्यम आणि 8 जड लँडिंग क्राफ्टचा कार्यक्रम घेतलाय.

वकीलकाकू

टोंगालाही 2015 मध्ये ऑस्ट्रेलियानं एक लँडिंग क्राफ्ट दिली ना? 'लाते' नावाची.

इतिहासवेडा

हो काकू. टोंगा म्हणजे शंकासुरांना मान्य होईल असा छोटा देश, जमीन साधारण 750 चौरस किलोमीटर. त्यांच्या नौदलात गस्तीनौका आणि ही एक.

शंकासुर

टोंगा मान्य.

अनाहूत पाहुणा

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मूळ प्रश्नावर एक बाजू राहिली असं वाटतं.

मालेवाल्यांनी खासगी लँडिंग क्राफ्टचं लिहिलं. पापुआ न्यू गिनीतही खाणी आणि लाकूडतोडीच्या कंपन्यांचा माल अशाच बोटी-बार्जांतून फिरतो. मग नौदलानं स्वतःच्या ठेवाव्यातच कशाला? लागेल तेव्हा भाड्यानं घ्या. सरकारचा ड्रायडॉकचा (कोरड्या गोदीतल्या दुरुस्तीचा) खर्च वाचेल, आकडेमोड यांची गस्तीनौकाही चालेल.

मोरेस्बीकर

पाहुणे, भाड्याची बोट जिथं भाडं परवडतं तिथं जाते. खाणीपाशी रोज. ज्या बेटावर नारळ आणि शे-दीडशे घरं आहेत तिथं कोण फिरकतं? 1998 च्या जुलैमध्ये आयतापेजवळ सिसानो खाजणाच्या वाळूपट्टीवरची गावं त्सुनामीत वाहून गेली, दोन हजारांच्या वर माणसं गेली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण. अशा वेळी कंपनीशी भाड्याची बोलणी करत बसायचं का? तातडीच्या दिवशी सगळ्यांनाच बोट हवी असते आणि भाडं त्या दिवशीच चढतं.

मालेवाला

+1. कोविडच्या वेळी आमच्याकडं भाडं ऐकून मॅनेजर खुर्चीत बसला होता.

आकडेमोड

ठीक. मी माझं गणित थोडं सुधारून मांडतो, बाजू बदललेली नाही. देशाकडं समजा तीन नौकांचे खलाशी आणि डिझेल आहे. मी दोन गस्तीनौका आणि एक लँडिंग क्राफ्ट घेईन. अपरांत उलट घेतील. पण एकच लँडिंग क्राफ्ट ठेवली तर ती ड्रायडॉकला गेल्यावर देशाकडं शून्य. नेमकं तेव्हाच वादळ येतं. म्हणून दोन लागतात. दोन ठेवल्या की गस्तीनौका एक उरते, आणि ती 24 लाख चौरस किलोमीटरला पुरत नाही. म्हणजे टुनावाल्यांवर नजर ठेवायला विमानं आणि उपग्रह दुसऱ्या कोणाचे तरी वापरायचे. गस्तीचं काम मित्रदेशाकडून उसनं घेता येतं, वाळूवर डोझर उतरवायचं काम वेळेवर उसनं मिळत नाही. या रस्त्यानं अपरांत जिंकतात, पण मला तो रस्ता आवडत नाही, कारण उसनी नजर म्हणजे उसनं धोरण.

अपरांत

आकडेमोड, इतकं स्वच्छ मलाही मांडता आलं नसतं. 'उसनी नजर म्हणजे उसनं धोरण' याला माझ्याकडं उत्तर नाही. पण लाकेकामू देताना ती खलाशांच्या प्रशिक्षणासाठी म्हणूनही दिली होती. नौका कोणतीही असो, ती चालवणारी पोरं तयार झाली तर दोन्ही कामं होतील.

वकीलकाकू

प्रशिक्षणावरून: गस्तीनौकेवर शिकलेला मुलगा लँडिंग क्राफ्ट लगेच चालवू शकतो का? चीफसाहेब?

चीफसाहेब

काकू, उलट सोपं आहे, सुलट अवघड. गस्तीनौकेवाल्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं की जमिनीपासून लांब राहा. त्याला सांगायचं की आता मुद्दाम जमिनीला लाव. पहिल्या पाच-सहा वेळा हात थरथरतो, इंजिन वेळेआधी मागं टाकतो, मग नाक टेकतच नाही आणि रॅम्प पाण्यात. शिकवणारा बाजूला उभा राहून शिव्या घालणारा हवा. नौकानयन शाळेत हे शिकता येत नाही.

नाखवा दाभोळकर

चीफसाहेब, एक विचारायचं राहिलं. मागच्या नांगराची वायरच तुटली तर?

चीफसाहेब

तर बॅलास्ट मागं घ्यायचं म्हणजे नाक हलकं होतं, भरती पूर्ण चढू द्यायची, आणि दोन्ही इंजिनं आलटून पालटून मागं देत बूड डावी-उजवी हलवायचं. वाळूची पकड सुटते. नाही सुटली तर दुसरी बोट बोलावून मागून ओढ. पण वायर तुटतेवेळी विंचच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगून ठेवतो. ती परत येते तेव्हा पाय घेऊन जाते.

नाखवा दाभोळकर

समजलं. आमच्या फेरीबोटीवर उद्या सांगतो, साखळीपासून लांब बसा म्हणून.